आबांनी भुताला ओ दिली

आमच्या बेंबळी गावात भुताच्या हाकेला ओ देऊन जिवंत राहिलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा बाप आहे.

हे मी अभिमानानं लिहितो. फक्त त्या भुताबद्दल माझ्याकडं थोडी जास्तीची माहिती आहे, आणि ती मी बावीस वर्षं पोटात ठेवली. मी मुळातच कमी बोलणारा. लहानपणी पाहुणे विचारायचे, "काय रं, मुका हायेस का?" आणि मी उत्तर द्यायचो नाही, त्यामुळं त्यांचा समज पक्का व्हायचा. पुढं मी शाळामास्तर झालो तेव्हा गावाला मोठंच नवल वाटलं. (माझ्या वर्गातल्या शेवटच्या दोन बाकांना मी काय शिकवतो ते कधी ऐकूच गेलं नाही. त्यांतले तिघे पुढं फार चांगले निघाले.) सांगायचं एवढंच, की माझा आवाज मोठा होऊ शकतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा!

गोष्ट महाराष्ट्र नुकताच झाला तेव्हाची. निजामाच्या राज्यात माणसाची बदली झाली तर फार तर परभणी, नांदेडला व्हायची. आता राज्य एकदम समुद्रापर्यंत पोचलं, आणि राज्याबरोबर आमचे दाजीही पोचले. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, कमलचे यजमान. गाव वाशी. (आपली वाशी, कळंब-भूमकडची. मुंबईची नव्हे.) सरकारी कचेरीत कारकून होते, आणि त्यांना कोकणात अगदी समुद्राच्या काठावर नेऊन टाकलं होतं. कमलला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायला आबा, माय आणि मी असे तिघं उन्हाळ्याच्या सुटीत निघालो. तिघांपैकी कुणीही समुद्र बघितलेला नव्हता. मी मात्र तीन वर्षं शाळेत भूगोल शिकवत होतो, त्यामुळं मला सगळं माहीत होतं.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. सहा फूट उंची, गुलाबी पटका, गळ्यात तुळजापूरच्या आईची कवड्यांची माळ. आबा वाघाला भ्याले नाहीत, सरकारी माणसाला भ्याले नाहीत, रझाकारांच्या दिवसांत घराचं दार उघडं टाकून ओसरीवर झोपले. पण भूत म्हटलं की संपलं! आमच्या शेताच्या वाटेवर बाभळीचा ओढा आहे. दिवस कलला की आबा त्या ओढ्यावरून एकटे कधी यायचे नाहीत. कुणीतरी सोबत लागायची. एकदा कुणीच मिळालं नाही तेव्हा म्हैस सोडून सोबतीला घेतली होती. पुढं त्या म्हशीला तशी सवयच लागली; ऊन उतरलं की ती आपणहून दावं ओढायची.

कोकणात पोचलो त्या संध्याकाळी जेवताना सासऱ्या-जावयाची जुंपली.

"मामा, किल्ला बघायचा तर इथला बघा," दाजी म्हणाले. "भर समुद्रात उभाय."

"जावईबापू," आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, "तुमच्या हितं किल्ला पाण्यात. आमच्या नळदुर्गाला पाणी किल्ल्यात! नदी पोटातनं जाती. आता तुमीच सांगा, मोठं कोण?"

दाजी जावई होते, त्यामुळं त्यांनी सांगितलं नाही. पण कमल माहेरची लाडकी. ती म्हणाली, "नळदुर्गात भूत हाय का, आबा? इथल्या किल्ल्यात हाय."

आबांचा घास हातातच राहिला.

"किल्लेदाराची सून," कमलला रंग चढला. "भरती आली, वाट बुडाली, की ती हाक मारते. आपल्याच माणसाच्या आवाजात! तीनदा. ओ दिली की माणूस गेला."

"कुठं गेला?" मायनं विचारलं.

"ते सांगायला परत कोण आलंय?"

आबांनी ताट बाजूला सारलं. तेव्हा मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, भूत-बित काही नसतं, हा सगळा मनाचा खेळ आहे, शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. एकूण आठ वाक्यं झाली. (माझ्या मानानं ते व्याख्यानच. आमच्या घरात त्याची आठवण अजून काढतात.) आबा ऐकत राहिले, आणि पोरगा एवढं बोलतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार असं म्हणून दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर यायला तयार झाले. म्हणजे पुढं जे झालं त्याचा पाया मीच घातला.

सकाळी दाजींना कचेरी होती. त्यांनी आपलं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. "अण्णा, वाट दोन वाजेपर्यंतच उघडी असते. दोनच्या आत तिथून निघायचं. आणि हो, घड्याळाला चावी द्या बरं का, मी आज दिलेली नाही."

मी मान हलवली.

आता खरं सांगतो. मनगटी घड्याळ मी आयुष्यात पहिल्यांदा बांधत होतो. आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाला पुढं एक भोक होतं, त्यात शिपाई किल्ली घालून फिरवायचा. या घड्याळाला मी सगळीकडून भोक शोधलं. नव्हतं. दाजींना विचारायची लाज वाटली, कारण मी मास्तर. म्हटलं, चालतंय तर चालू दे!

किनाऱ्यावर आलो, तर समुद्र नव्हता.

म्हणजे लांब होता. मधे ओली वाळू, शेवाळलेले खडक, कुठं कुठं गुडघाभर डबकी आणि पलीकडं किल्ला. आबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यो तर आटलाय की!"

"वैशाख हाय न्हवं," माय म्हणाली. "आपली तेरणा आटती, ह्योबी आटणारच."

मी त्या ओल्या वाळूत उभं राहून चंद्राचं आकर्षण, ओहोटी आणि भरती समजावून सांगितली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे रोज आटतो?"

"दिवसातून दोनदा."

"अन् भरतो?"

"तोही दोनदा."

आबांनी मायकडं बघितलं. मग माझ्याकडं. "सदा, तू पोरांस्नी असंच शिकवतूस व्हय?" त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यांची नव्हे, पोरांची.

किल्ला मात्र झकास होता! आबांनी तटाची जाडी हातानं मोजली. तोफेच्या तोंडात डोकं घालून बघितलं. दरवाजावर एक दगड होता, त्यावर वेलबुट्टी कोरलेली. मी म्हणालो, "ही नक्षी." आबांनी डोळे बारीक केले आणि उजवीकडून डावीकडं बोट फिरवत एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. निजामाच्या शाळेत ते उर्दू चौथी झालेले. "नक्षी कसली रं? लिवलंय की! फारशी हाय. अक्षरं लागत्यात, अर्थ लागत न्हाय." भूगोलाच्या मास्तरानं इतिहासात पडू नये हे मला त्या दिवशी कळलं.

तळ्यापाशी सावलीत बसून दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी खाल्ली.

"किती वाजलं?" आबांनी विचारलं.

"सव्वा बारा."

मग थोडं लवंडलो. उठून माय म्हणाली, "बग रं, किती वाजलं?"

"सव्वा बारा."

तिनं आणखी एक बुरूज बघून घेतला. "आता?"

"सव्वा बारा."

"कोकणात दिवस लई मोठा दिसतोय," माय म्हणाली.

आबांनी मान डोलावली. "खारी हवा. लोणच्यागत येळबी टिकत असंल."

एवढ्यात माझी सावली माझ्यापुढं बरीच लांब पडलेली मला दिसली. मी घड्याळ कानाला लावलं. ते माझ्यासारखंच होतं, काही बोलत नव्हतं.

आम्ही दरवाजाकडं आलो, तर वाट नव्हती. जिथून चालत आलो तिथं पाणी! नुसतं पाणी नव्हे, लाटा मारणारं, फेसाळणारं, पायरीवर चढत येणारं पाणी.

"अगं बाई!" माय मटकन खाली बसली. "पाऊस न्हाय, ढग न्हाय, पूर कुठनं आला?"

"वर कुठंतरी झाला असंल," आबा म्हणाले.

"वर म्हंजी कुठं?"

आबांनी समुद्राच्या पार टोकाकडं बघितलं. नदीला वर असतं, समुद्राला ते कुठं असावं याचा थोडा विचार केला. "तिकडं. आरबस्तानात."

मग आबांनी आमच्याकडं तेरणेच्या पुराला करतात तेच केलं. पाण्याच्या काठाला बरोबर एक धोंडा ठेवला आणि उकिडवे बसले. धोंडा कोरडा राहिला की पूर उतरायला लागला असं समजायचं. धोंडा बुडाला. आबांनी वरच्या पायरीवर दुसरा ठेवला. तोही बुडाला. आबा धोंडे ठेवत होते, समुद्र गिळत होता. पाचव्या धोंड्याला माय रडवेली झाली. "पोरगी तिकडं एकटी! सातवा म्हैना! आन् आमी हितं धोंडं मांडत बसलोय!"

तेव्हा मी सांगायला हवं होतं, की घड्याळ बंद पडलंय, चूक माझी आहे. त्याऐवजी मी म्हणालो, "दुसरी वाट आहे का बघून येतो." दुसरी वाट नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. मला फक्त त्या दोघांच्या नजरेसमोरून जायचं होतं.

दरवाजाच्या आतल्या अंगाला तटाला लागून एक लांबलचक दगडी कोठार होतं. मी आत शिरलो. आत गारवा, अंधार आणि वटवाघळं. वाऱ्याचा एक जोरदार झोत आला आणि ते अवजड सागवानी दार माझ्यामागं धाडकन लागलं! मी दार ढकललं. हललं नाही. खांदा लावून ढकललं. पाठ लावून ढकललं. दारानं दाद दिली नाही.

मग मी हाक मारली. नेहमीच्या आवाजात. वटवाघळंसुद्धा उडाली नाहीत.

पाण्याची लाट तटावर आपटली, आणि मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आबाऽऽ! ओ आबाऽऽ!"

त्या कोठारानं तो आवाज घेतला, घुमवला, फुगवला, आणि असा काही परत दिला, की मीच दचकून भिंतीला टेकलो. भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका होता. त्यातून बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"अवं! सदाचा आवाज!" ही माय.

"गप!" हे आबा.

"अवं पर..."

"कमळी काय म्हणली? भरती आली की! आपल्याच माणसाच्या आवाजात! ह्यो बग, आला!"

मी घाबरून परत ओरडलो, "आबा, मी सदा आहे! दार अडकलंय!"

"नावबी ठाव हाय तिला!" आबांचा आवाज कापला. "दोन झाल्या. मोजत राहा."

"पर लईच त्याच्यावाणी हाय हो आवाज."

"त्याच्यावाणी कुठं? आपला सदा उभ्या जल्मात एवढ्या मोठ्यांदा बोललाय का? पोरगी बघायला नेला तवाबी तोंड उघडलं न्हाय. पोरीनंच सगळं इचारलं."

मायनं विचार केला असावा. मग म्हणाली, "तेबी खरं. भूतच हाय."

माझी सख्खी आई!

आता ओळख पटवून देणं भाग होतं. घरच्याशिवाय कुणाला ठाऊक नसेल असं काहीतरी सांगावं म्हणून मी डोकं खाजवलं आणि ओरडलो, "माय! आजच्या दशमीत मीठ जास्त पडलं होतं!"

"बघा!" माय तडकली. "माझा सदा माझ्या सैपाकाला कधी नाव ठेवंल का? मेलीला लाज न्हाय! सुनाच असल्या!"

मी खाली बसलो. घशातला आवाज संपला होता. पायावरून काहीतरी सरसरत गेलं. त्यानंतर मी जी हाक मारली ती ओरडून मारली नाही. लहानपणी ताप आल्यावर मारायचो तशी, हळू, आपल्याशीच मारली. "आबा..."

कशी कोण जाणे, ती बाहेर पोचली.

"आबा म्हणून ही तिसरी," माय कुजबुजली. "आता गप बसा. एवढी सरली की सुटलो."

नुसत्या लाटा. मग आबा म्हणाले, "तू हितंच थांब."

"अवं, कुठं निघाला? ओ दिली की माणूस जातो म्हणं!"

"जाऊ दे. भूत असू दे, न्हायतर कुनीबी असू दे. माझ्या पोराच्या आवाजात आबा म्हणून हाक आल्यावर म्या गप बसू? अन् खरंच पोरानं मारली असंल तर?"

आणि मग, त्या समुद्राच्या आवाजावर चढलेला, तेरणेच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"ओ ऽ ऽ! आलो रं, पोरा!"

मी दाराची लोखंडी कडी धरून उठत होतो. त्या आवाजानं मी दचकलो आणि कडीसकट एक पाऊल मागं आलो. दार उघडलं.

ते आत उघडत होतं. ओढायचं होतं. मी अर्धा तास ढकलत होतो!

बाहेर पडलो. आबा कोपऱ्यावरून वळण्याच्या आत पळालो आणि एका तोफेमागं बसलो. का पळालो? त्याचं उत्तर मी बावीस वर्षं शोधतोय. आदल्या रात्रीची आठ वाक्यं आठवली, बंद पडलेलं घड्याळ आठवलं, ते दार आठवलं. शिकलेला माणूस एवढ्या सगळ्यांना एकदम तोंड कसं देणार?

आबा आले. पटका डोक्यावर नव्हता, तो कमरेला आवळून बांधलेला. एका हातात कवड्यांची माळ, दुसऱ्यात पाण्यातून उचललेला धोंडा. हा तोच माणूस, जो ओढ्यावरून यायला म्हैस घ्यायचा! दाराशी एक क्षण थबकले, "आई राजा उदो उदो!" म्हणाले, आणि त्या काळोखात एकटे शिरले.

आतून त्यांचा आवाज घुमत आला. "कोण हाय त्यानं म्होरं यावं! पोराला सोड. न्यायचं तर मला ने. ओ म्या दिलीया, त्यानं न्हाय!"

तोफेमागं बसून मी ते ऐकलं. "आबा, मी इथं आहे," एवढी चार शब्दांची हाक मारायची होती. मला जमली नाही.

तटाच्या कडेनं वळसा घालून मी दरवाजापाशी आलो. माय मला बघून आधी किंचाळली, मग मला चिमटा काढला, मग मिठी मारली. तेवढ्यात आबा कोठारातून बाहेर आले. मला बघितलं. सगळ्यात आधी त्यांनी माझे पाय बघितले. सरळ होते. मग दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. हात बर्फासारखे गार.

"कुठं हुतास?"

"तोफा बघत होतो."

"हाक मारलीस?"

"नाही," मी म्हणालो.

आयुष्यात मी थोडंच बोललो आहे. त्यातला हा एक शब्द मला परत घ्यायचा होता.

ऊन उतरायच्या आत दाजी होडी घेऊन आले. सोबत एक म्हातारा तांडेल. दाजींनी माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, त्याच्या कडेचं एक बारीक बोंड दोन बोटांत धरून फिरवलं, ते टिकटिकायला लागलं. माझ्याकडं बघितलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. (असे जावई नशिबानं मिळतात.) पण तोवर मायनं तांडेलाला सगळं सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्यानं वल्ही सोडली आणि होडीत वाकून आबांच्या पायांना हात लावला. "चाळीस वर्सां होडी मारतंय मी. ओ देवन परत इल्लो माणूस आज पयल्यांदा बघितलंय!"

आबा ताठ झाले. कमरेचा पटका सोडून परत डोक्याला बांधला. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आता सांगायचं कसं? आणि सांगायचं कुणाला?

बेंबळीला आल्यावर तर सांगायची सोयच उरली नाही. पहिल्या महिन्यात भुतानं नुसत्या हाका मारल्या होत्या. पोळ्यापर्यंत ते कोठाराच्या दारात आलं. पुढच्या वर्षी त्याला पांढरं लुगडं मिळालं. पाच वर्षांत तर त्या सुनेनं आबांपुढं पदर पसरून "सासरेबुवा, तुमीच पयले ओ देणारे" म्हणून किल्ल्याच्या चाव्या ठेवल्या होत्या, आणि आबांनी "आमचा नळदुर्ग हाय" म्हणून त्या परत केल्या होत्या! कुणाला झपाटलं, कुणी रात्री दचकून उठलं, की आबांना बोलावणं. आबा जायचे, माळ हातात घेऊन एकदा मोठ्यांदा "ओ!" म्हणायचे, माणूस बरा व्हायचा.

पण एक गोष्ट मी सगळ्यात जपून बघितली. कोकणातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात दिवस कलला, म्हशीनं सवयीनं दावं ओढलं, आणि आबा तिच्याकडं न बघता एकटेच शेताकडं निघून गेले. बाभळीच्या ओढ्यावरून. म्हैस हंबरत राहिली. ती मेल्याला जमाना झाला, आबा अजून त्या ओढ्यावरून एकटे येतात. हे सगळं माझ्या एका खोट्यावर उभं होतं, आणि ते रोज माझ्या छातीवर बसायचं. बाप भुताला भीत नव्हता, मी बापाला भीत होतो.

परवा कमलच्या मुलीचा साखरपुडा झाला. त्या वेळी पोटात होती ती. लग्न आजोळी करायचं ठरलेलं, म्हणून साखरपुडाही आमच्याच दारात. आणि योग असा, की मुलाकडची मंडळी कोकणातली! आबांना दुसरं काय हवं? सत्तरी उलटलेले, डावा कान पार गेलेला, उजवा अर्धा. पण गोष्ट सुरू केली तशी मांडव गप्प झाला. समुद्र आटला, आरबस्तानात पाऊस झाला, पूर आला, सून आली. आबा "तवा म्या म्हटलं..." इथवर आले आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो.

"आबा," मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "ते भूत मी होतो."

दार, कडी, घड्याळ, तोफ. सगळं सांगितलं. मांडवातली माणसं ऐकायला पुढं सरकली. आबांनी उजवा कान माझ्याकडं आणखी वळवला.

"मग म्या ओ दिल्यावर बोलला का न्हाईस?"

"लाज वाटली."

त्यांनी खाली बघितलं. कवड्यांची माळ बोटांत फिरवली. तो सहा फुटांचा माणूस माझ्यासमोर एकदम लहान झाला. "म्हंजी म्या भुताला ओ दिलीच न्हाय."

"आबा, तुम्ही भूत समजूनच दिली ना?"

"व्हय."

"आत गेलात ना? एकटे?"

"गेलो."

"मग दिलीच की!"

आबांनी विचार केला. मिशीवरून हात फिरवला, आणि हळूहळू पुन्हा सहा फूट झाले. व्याह्यांकडं वळून म्हणाले, "पोरगं म्हणतंय, दिलीच."

मला वाटलं, सुटलो. पण माय उठली! "मी न्हाय मानत. त्यो आवाज ह्याचा न्हवता. माझ्या दशमीला नाव ठेवणारा माझा सदा न्हवं."

"खरंय," गावातलं कुणीतरी म्हणालं. "मास्तरांच्यानं एवढी हाक व्हईल व्हय? बापाचं मोठेपण बघवंना झालंय, दुसरं काय!"

"मास्तर, मारा की तशी हाक! आमीबी ऐकतो!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलो. बावीस वर्षांचा दम छातीत भरला. तोंड उघडलं. आणि...

"आबा..."

पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा ऐकू गेलं नाही. लोक अजून वाट बघत होते. दाजी मला डोळ्यांनी खुणावत होते, की अण्णा, मारा आता.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाला, पाठमोऱ्या बसलेल्या, एका कानानं ठार बहिऱ्या असलेल्या आबांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ओ!"

मांडव दचकला. व्याही घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. "हाक तर कुणीच मारली नाही! आजोबांनी ओ कुणाला दिली?"

"ती आली असंल," माय म्हणाली, आणि पदर सावरून पोरीबाळींना जवळ ओढलं.

तेव्हा पहिल्या ओळीत एक दुरुस्ती करतो. आमच्या बेंबळी गावात भुताच्या हाकेला दोनदा ओ देऊन जिवंत राहिलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा बाप आहे. दोन्ही वेळेचं भूत मीच. पण हे आता मी कितीही सांगितलं तरी शेवटच्या दोन बाकांना काही ऐकू जायचं नाही.